सबिना लॅवेलचा चिमटा

सबिना लॅवेलच्या घरी आलेल्याला सगळं मिळायचं. बसायला चुलीजवळची खुर्ची मिळायची, काळाकुट्ट चहा मिळायचा, सोड्याच्या पावाचा जाडजूड तुकडा आणि त्यावर बोटभर लोणी मिळायचं, न मागता चार उपदेशही मिळायचे. मिळायचा नाही तो फक्त चिमटा. चुलीच्या उजव्या अंगाला भिंतीशी टेकवलेला तो लांब लोखंडी चिमटा उचलायचा हक्क एकाच माणसाला होता, आणि ते माणूस म्हणजे सबिना. एखाद्या पाहुण्यानं बोलता बोलता, सहज म्हणून, चुलीतली टर्फची, म्हणजे दलदलीतून कापून वाळवलेल्या जळाऊ मातीची, वीट पायानं जरा आत सारली, तर ती उठायची, चिमट्यानं ती वीट होती तिथे परत आणून ठेवायची, आणि मग हवापाण्याच्या गप्पा पुढे चालू. तो पाहुणा उरलेला वेळ हात मांडीखाली घेऊन बसायचा.

इंग्रज देश सोडून गेले त्याला तेव्हा दहाएक वर्षं झाली होती. डब्लिनला आपल्या माणसांचं राज्य आलं, लाल टपालपेट्यांना हिरवा रंग लागला. पण मेयो परगण्याच्या पार पश्चिमेच्या टोकाला, जिथे जमीन संपते आणि नुसता वारा सुरू होतो तिथल्या गॉर्टबॉन गावात, लॅवेलांच्या स्वयंपाकघरातलं राज्य काही बदलायचं लक्षण दिसत नव्हतं.

घर तसं सगळ्यांच्या घरासारखंच होतं. शाकारलेलं छप्पर, त्यावर वाऱ्यानं उडू नये म्हणून दोर टाकून दगड बांधलेले. एका रांगेत तीन खोल्या, मधलं स्वयंपाकघर. स्वयंपाकघराला समोरासमोर दोन दारं. वारा ज्या बाजूनं असेल ते बंद ठेवायचं, दुसऱ्यातून माणसं, कोंबड्या आणि बातम्या आत येणार. कोंबड्यांसाठी खालचं अर्धं दार लावून घेता येई, बातम्यांना तशी सोय नव्हती. चूल पश्चिमेच्या भिंतीत, आणि त्या भिंतीच्या मागे एक लहान खोली. चुलीच्या उबेनं ती हिवाळ्यातही बरी असायची. त्या मुलखात प्रत्येक घरात अशी एक खोली असते, आणि सून आली की सासूनं तिथे जायचं असतं.

सबिनाच्या बाबतीत खोली तयार होती, सासूही तयार होती, फक्त सून आलेली नव्हती. नवरा कधीच वारला होता. मुलगा होता, फेस्टी. चाळिशी ओलांडलेला, खांद्यानं दारातून तिरका येणारा, बोलायला महाग. पण त्या गावात लग्न होईपर्यंत पुरुष हा 'पोरगा'च, मग त्याचे दात पडलेले का असेनात. दर वर्षी चाळीस दिवसांचे उपवास सुरू झाले की लग्नं बंद होत, आणि पहिल्या सोमवारी गावातली टवाळ मंडळी बिनलग्नाच्या बाप्यांवर मीठ उडवत, पुढच्या वर्षापर्यंत टिकून राहावेत म्हणून. फेस्टीच्या अंगावर आजवर इतकं मीठ पडलं होतं की त्यात एक अख्खं डुक्कर मुरलं असतं. तो कोट झटकायचा आणि घरी येऊन मुकाट्यानं बटाटे सोलायचा.

मुलगी नव्हती असंही नाही. खाडीपलीकडची डीलिया त्याच्यासाठी थांबली होती. दोघं जत्रेला बरोबर जात, बाजारातून बरोबर येत, आणि वाट फुटते तिथे बराच वेळ उभं राहून मग आपापल्या घरी जात. हे इतकी वर्षं चाललं होतं की लोकांनी त्यांच्याकडे बघायचंसुद्धा सोडून दिलं होतं. फेस्टी कधी तरी आईजवळ विषय काढायचा.

"आई, डीलिया म्हणत होती..."

"चांगली मुलगी आहे," सबिना म्हणायची, आणि चुलीतली एक वीट उभी करायची. "घाई काय आहे?"

यात सबिनाला मुलाचा संसार नको होता असं कुणाला वाटेल. तसं नव्हतं. भानगड चिमट्याची होती. त्या भागात नवी नवरी उंबरठा ओलांडून आत आली की सासू चिमटा उचलून तिच्या हातात देते. नवरी चुलीत एक वीट ठेवते, आणि तेवढ्यात घराची मालकी बदलते. सही नाही, साक्षीदार नाही. सबिनालाही तिच्या लग्नात तिच्या सासूनं, म्हाताऱ्या ओनीनं, सगळ्या गावासमोर चिमटा दिला होता. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी परत घेतला होता. नंतर तो ओनीनं मरेपर्यंत सोडला नाही. झोपायला जाताना ती तो आपल्या खोलीत घेऊन जायची. सबिनाचा फेस्टी मोठा झाला, तिचे केस पिकायला लागले, तरी चुलीत वीट ठेवायची तर म्हातारीकडे बघून ठेवावी लागे. ओनीला पुरून आल्यावर सबिनानं चुलीपुढे उभं राहून शपथ घेतली होती की आपल्या सुनेशी आपण असं कध्धी वागणार नाही. शपथ मनापासूनची होती. पण स्वतःला ती पुरती ओळखून होती. एकदा दिलेला चिमटा आपल्याच्यानं सोडवणार नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं. तेव्हा शपथ मोडू नये म्हणून तिनं एक साधा उपाय शोधला होता. सूनच आणायची नाही.

उपाय छान चालला होता. मग एका जानेवारीत, भर दुपारी, डीलिया स्वतःच अर्ध्या दारावर कोपर टेकून उभी राहिली.

"आहे का कुणी घरात, मावशी?"

"मी आहे, आणि कोंबड्या आहेत," सबिना म्हणाली. तिचे हात कोपरापर्यंत पिठात होते. "ये आत. फेस्टी टर्फ आणायला गेलाय."

"त्याच्याकडे नाही आले. तुमच्याकडेच आले." डीलिया आत येऊन चुलीजवळच्या खुर्चीत बसली. अंगानं किरकोळ, पण बसली अशी की कुणी उठवू म्हटलं तर उठणार नाही. "बहिणीनं मँचेस्टरला एका हॉटेलात माझ्यासाठी जागा बघितलीय. उपवास लागायच्या आधी लग्न झालं तर झालं. नाहीतर मी बोटीवर."

"फेस्टीला सांगितलंस?"

"सांगितलं की. तो तीन दिवस विचार करतोय. तुमचा मुलगा आहे, तुम्हाला माहीतच आहे. तो विचार करेपर्यंत मी तिकडे म्हातारी होऊन परत येईन."

सबिनाला हसू येत होतं, पण ते तिनं पिठात मळून टाकलं. एवढ्यात चुलीतली एक जळती वीट कलली, फुटली, आणि तिचा लाल तुकडा घरंगळत बाहेर येऊन सबिनाच्या घागऱ्याच्या काठापाशी थांबला. चिमटा डीलियाच्या हाताशी होता. डीलियानं चिमट्याकडे पाहिलं, निखाऱ्याकडे पाहिलं, आणि हाताची घडी घातली.

"अगं, बघतेस काय?"

"तुमची चूल आहे, मावशी. माझी काय बिशाद!"

"पेटेन ना मी!"

"पेटाल, दिसतंय."

सबिनाचे दोन्ही हात पिठात, आणि 'चिमटा घे' म्हणायला जीभ वळेना. शेवटी तिनं घागरा वर खेचला आणि बुटानं तो निखारा लाथाडून चुलीत घातला. बुटाचा वास सुटला.

"उचलता येत नाही म्हणून नव्हे हं," डीलिया म्हणाली. "तुम्ही दिल्याशिवाय हात लावणार नाही, एवढंच."

"वळण चांगलं लावलंय तुझ्या आईनं," सबिना म्हणाली. "नाक जरा जास्तच वर ठेवलंय."

ती गेल्यावर सबिना बराच वेळ पीठ मळत राहिली. त्या दिवशीचा पाव दगडासारखा झाला. ही पोरगी बोटीवर चढेल, थापा मारणाऱ्यातली नाही, हे तिनं ओळखलं होतं. मग फेस्टी आणि आपण, समोरासमोर, बटाटे सोलत. आणि आपल्यामागे तो एकटा. त्याला नांगर धरता येतो, होडी वल्हवता येते, पण निखारा राखेत पुरून सकाळपर्यंत जागता ठेवायचं त्याला या जन्मात जमलेलं नाही. आपण जाऊ त्याच आठवड्यात ही चूल गार पडेल. एवढं जन्मभर सांभाळलं ते मग कुणासाठी? तिला पहिल्यांदाच स्वतःची भीती वाटली, आणि लाजही वाटली. फेस्टी पाठीवर टर्फची टोपली घेऊन तिरका आत आला तेव्हा ती म्हणाली, "जाऊन फादरना भेट. उपवासाआधीचा मंगळवार मोकळा आहे का विचार." फेस्टीच्या हातून टोपली पडली.

लग्न झालं. मंगळवारी दुपारी चर्चमधून वरात आली तेव्हा सबिना दारात उभी होती, नवी शाल घेतलेली, ओठ घट्ट मिटलेले. तिनं रीतीप्रमाणे ओटच्या पिठाची पोळी डीलियाच्या डोक्यावर मोडली; पोरांनी तुकडे पळवले. मग ती चुलीकडे वळली. वाजवणाऱ्यानं फिडल खाली ठेवली. शेजारची विनी पॅडन बघता यावं म्हणून बाकावर चढली. सगळ्या गावाला ओनीची गोष्ट माहीत होती, आणि आपल्याला पुन्हा तोच खेळ बघायला मिळणार याची विनीला तर खात्रीच होती. सबिनानं चिमटा उचलला, क्षणभर धरला, आणि डीलियाच्या हातात दिला. डीलियानं वीट ठेवली. फेस्टीनं इतका मोठा सुस्कारा सोडला की लोक हसले.

नाच, दारू, गाणी, पुन्हा दारू. बाराच्या ठोक्याला उपवास लागतात म्हणून पाहुण्यांनी आटोपतं घेतलं, आणि सबिना चुलीमागच्या खोलीत जाऊन पडली. भिंतीपलीकडे डीलिया निजण्याआधी विस्तव राखत होती. सबिनाला भिंतीतून प्रत्येक आवाज ओळखू येत होता. आता निखारे ओढले. आता दोन विटा ठेवल्या. आता राख. एक फावडं, दोन फावडी... आणि थांबली.

दोन फावड्यांवर भागतं ते खाडीपलीकडच्या घरांत. तिकडे टेकडीचा आडोसा आहे. या घराचं धुराडं पश्चिमेचा वारा असला की असं ओढतं, की राख दुप्पट घालून वर फावड्यानं थापटली नाही तर पहाटेपर्यंत सगळं जळून जातं. सबिना उठून बसली. तोंड उघडलं. आणि मिटलं. पहिल्याच दिवशी 'अगं, असं नाही, तसं' म्हटलं तर मी आणि ओनीत फरक काय? तिनं पांघरूण डोक्यावर ओढलं, आणि वारा पडू दे अशी देवाची विनवणी करत राहिली. वारा काही पडला नाही.

उजाडायच्या सुमाराला ती बाहेर आली तेव्हा चुलीत नुसती राख होती. तिनं तळवा धरून पाहिला. गार.

घरात काडेपेटी होती. पण टर्फ काही काडीला भीक घालत नाही. काटक्या फुंकत बसा, दुपार होते. आणि थोड्या वेळात अख्खं गाव राखेच्या बुधवारची राख कपाळी लावून घ्यायला याच वाटेनं चर्चला जाणार होतं. चालता चालता प्रत्येक जण नव्या नवरीच्या घरच्या धुराड्याकडे मान वर करून बघणार, यात शंका नव्हती. पहिल्या सकाळी जिच्या घराचा धूर निघाला नाही ती बाई त्या गावात मरेपर्यंत 'चूल विझवी' म्हणून ओळखली जाते. पोरीची दुसऱ्या टोकाची खोली अजून शांत होती. सबिनानं पत्र्याची बादली घेतली आणि शेत ओलांडून सरळ विनी पॅडनचं घर गाठलं. दुसरं घर लांब होतं. जवळ असतं तर ती विनीकडे गेली नसती, कारण 'विनीची चूल पेटत नाही, नुसती खोकते' हे वाक्य गेली कित्येक वर्षं गावभर फिरत होतं, आणि ते कुणी सोडलं होतं ते विनीला माहीत होतं.

"विनी, थोडा विस्तव दे गं."

विनी हातातली किटली घेऊन तशीच उभी राहिली. "कुणाला?"

"मला."

"लॅवेलांच्या घरी? माझ्या खोकणाऱ्या चुलीतला?" मग तिच्या डोक्यात प्रकाश पडला, आणि चेहरा कसा उजळला. "विझवला! नव्या नवरीनं पहिल्याच दिवशी विस्तव विझवला! अगं बाई!"

नुसतं 'हो' म्हटलं असतं तरी पुरे होतं. खरंही होतं ते. चर्चच्या पायरीपर्यंत बातमी पोचली असती, आणि लोक म्हणाले असते, सबिना होती तोवर असं कधी घडलं नव्हतं. सबिनाला तो मोह झाला नाही असं कुणी म्हणू नये. चांगला झाला.

"तिनं नाही," ती म्हणाली. "मी. तिनं नीट राखला होता. मलाच राहवलं नाही. सगळी निजल्यावर उठले, चिमटा घेतला, आणि माझ्या पद्धतीनं ठेवायला म्हणून उकरला. गेला विझून."

"म्हणजे दिलेला चिमटा तुला सकाळपर्यंतसुद्धा सोडवला नाही?"

"नाही सोडवला."

विनीनं किटली खाली ठेवून दोन्ही हात कमरेवर घेतले. "म्हातारी ओनी! अगदी हुबेहूब म्हातारी ओनी आहेस गं तू!"

हे शब्द कधी तरी कानावर पडतील, या धाकानं सबिना जन्मभर जगली होती. ते असे, स्वतःच्या पायानं चालत येऊन, बादली पुढे करून घ्यावे लागतील असं मात्र तिला वाटलं नव्हतं.

"तिचीच सून ना मी," ती म्हणाली. "भर लवकर."

घरी आली तेव्हा डीलिया चुलीपुढे गुडघ्यांवर बसली होती, हात राखेनं पांढरे, नाक लाल. सबिनानं निखाऱ्यांची बादली तिच्या शेजारी ठेवली आणि दोन पावलं मागे सरली. डीलियानं एकदा तिच्याकडे पाहिलं आणि चिमट्यानं एकेक निखारा चुलीत ठेवला. गाव वाटेला लागलं तेव्हा लॅवेलांच्या धुराड्यातून भरघोस धूर निघत होता.

पण विनीचं तोंड सगळ्यांच्या आधी चर्चला पोचलं होतं. कपाळाला राख लावून बायका बाहेर आल्या आणि डीलियाभोवती गोळा झाल्या. कुणी तिचा हात दाबला, कुणी उसासा टाकला. "सोस गं बाई," विनी म्हणाली. "एक रात्रसुद्धा धीर धरवला नाही तिला. आम्ही ओनीचं पाहिलंय."

डीलियाला काय झालं ते कळायला थोडा वेळ लागला. मग ती ताड्‌कन म्हणाली, "खोटं आहे. विस्तव मी विझवला. त्यांनी चिमट्याला हातही लावला नाही."

बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. "बघा," विनी हळूच म्हणाली, "एका दिवसात किती धाक घातलाय पोरीला."

घरी येऊन डीलियानं शाल खुंटीला अडकवली आणि चुलीमागच्या खोलीच्या दारात उभी राहिली. "तुम्ही असं का सांगितलंत?"

"माझं नाव आता किती दिवस टिकायचंय?" सबिना म्हणाली. "तुझं आजच सुरू होतंय. आणि ती दोन फावडी राख मी भिंतीतून ऐकली होती, तरी सांगितलं नाही. तेव्हा अगदीच खोटं बोलले नाही."

डीलिया रडली. चांगली हमसून रडली, आणि सबिनाला रडणाऱ्या माणसाचं काय करायचं ते कधीच कळत नसल्यामुळे तिनं तिला चहा प्यायला लावलं. मग डीलियानं डोळे पुसले आणि विचारलं, "किती फावडी घालायची?" सबिनानं सांगितलं. सांगताना हात एप्रनखाली घट्ट धरून ठेवले होते.

पुढे सबिना बरीच वर्षं जगली. चुलीमागच्या खोलीतून ती नातवंडांवर ओरडली, फेस्टीवर ओरडली, वीट ओली आहे असंही भिंतीतून ओरडली. तोंडाची तिनं शपथ घेतली नव्हती. पण चिमट्याला हात लावला नाही. डीलिया बाळंतपणात अंथरुणाला खिळली तेव्हासुद्धा फेस्टीला चुलीपुढे बसवून तिनं तोंडी हुकूम सोडले, आणि स्वयंपाकघर धुरानं भरलं तरी उठली नाही. डीलिया स्वतः म्हणायची, "घ्या ना हो आई, मी देतेय." सबिना मान हलवायची. बाहेर मात्र कुणाच्या सासूला कुलपाच्या किल्ल्या सोडवेनाशा झाल्या, की लोक म्हणत, 'सबिनाचा चिमटा झालाय तिचा.'

ती गेली तेव्हा सगळं गाव आलं. तिला दुसऱ्या टोकाच्या खोलीत निजवलं होतं, आणि बायका स्वयंपाकघरात चहा ओतत होत्या. डीलियाचे डोळे सुजले होते. तिनं वाकून चुलीत एक वीट ठेवली तेव्हा विनी पॅडननं, म्हातारी झाली होती तीही, मायेनं तिच्या पाठीवर हात ठेवला.

"मिळाला गं बाई, शेवटी तुला चिमटा."

"तो पहिल्या दिवसापासून माझ्याचकडे होता, विनीकाकू," डीलिया म्हणाली. "त्यांनी कधी हात लावला नाही हो. मी दिला तरी लावला नाही. देवाशपथ सांगते."

विनीनं बाकीच्या बायकांकडे बघून मान डोलावली.

"सून असावी तर अशी," ती म्हणाली. "मेल्यावरसुद्धा सासूला नाव ठेवत नाही."